महिला दिनाचा सत्कार: नवशिक्या कार्यवाहांसाठी चार युक्तीच्या गोष्टी

८ मार्च तोंडावर आला आणि यंदा मंडळाने 'कर्तृत्ववान महिलांचा सत्कार' तुमच्या गळ्यात मारला, असं कानावर आलं. घाबरायचं कारण नाही. गेली चौदा वर्षं आमच्या गावच्या महिला दिनाचा माइक माझ्याच हातात आहे. (एका वर्षी बायकांच्या हातात देऊन पाहिला होता. त्या विषयाला धरून बोलायला लागल्या.) तेव्हा अनुभवाचे बोल सांगतो, लिहून घ्या.

आधी फ्लेक्स. सत्कारमूर्ती ठरायच्या आधी फ्लेक्स छापायला टाकावा, म्हणजे डिझाइन अडत नाही. आमच्या गेल्या वर्षीच्या फ्लेक्सवर सव्वीस फोटो होते. त्यातले चोवीस मंडळाचे आधारस्तंभ, मार्गदर्शक आणि शुभेच्छुक. उरलेल्या दोघी जिजाऊ आणि सावित्रीबाई. जिचा सत्कार, तिचं नाव खाली 'स्थळ-वेळ'च्या वर व्यवस्थित मावलं. एका अक्षराची चूक झाली होती, पण नावच लहान असल्याने कुणाच्या लक्षात आली नाही.

मग बाई शोधा. इथे नवखे लोक फसतात. नुसती चांगलं काम करणारी बाई उपयोगाची नाही, ती 'पहिली' हवी. तालुक्यातली पहिली रिक्षाचालक, जिल्ह्यातली पहिली वायरमन, पंचक्रोशीतली पहिली ट्रॅक्टर मेकॅनिक. दुसरीला चुकूनही बोलावू नका. पहिली असते ती एकटी असते, आणि एकटी बाई सांभाळून घेते. अडचण सांगत नाही, कारण सांगितली तर 'बघा, म्हणूनच बायकांना घेत नव्हतो' हे वाक्य समोर तयार असतं. चौघी झाल्या की त्या मिळून अर्ज लिहितात. ३० मे २०२५ ला खडकवासल्याच्या एनडीएतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, ती एकदम सतरा जणींची! आमच्या खजिनदारांनी बातमी वाचून पेपरच मिटला. सतरा शाली आणायच्या कुठून, आणि सतरा जणींत 'पहिली' म्हणून पुढे उभी कुणाला करायची? त्यापेक्षा एसटीचा संयम बघा. पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली १ जून १९४८ ला, आणि बाई स्टिअरिंगवर बसली २०२३ मध्ये. पंच्याहत्तर वर्षं 'पहिली'ची जागा जपून ठेवली म्हणून आपल्यासारख्यांचे सत्कार झाले.

प्रास्ताविकात उदाहरणं द्यायची तर ठरलेल्या क्रमाने द्या: जिजाऊ, सावित्रीबाई, आनंदीबाई, कल्पना चावला. सुरेखा यादव यांचंही नाव घ्यायला हरकत नाही. साताऱ्याची मुलगी, १९८९ मध्ये रेल्वेत सहायक चालक म्हणून लागली, आशियातली पहिली महिला रेल्वेचालक झाली. २०११ च्या ८ मार्चला डेक्कन क्वीन घाटातून उतरवून मुंबईला नेली, २०२३ मध्ये सोलापूरहून वंदे भारत नेली आणि २०२५ मध्ये निवृत्त झाली. टाळ्या हमखास. फक्त 'आशियातली पहिली' म्हणून तिथेच थांबायचं, इंजिनात शिरायचं नाही. मी एकदा मानपत्र लिहिताना शिरलो होतो. भारतीय रेल्वेने इंजिनात पहिलं शौचालय बसवलं ते २०१६ मध्ये, म्हणजे बाई लागल्यावर सत्तावीस वर्षांनी, आणि तेसुद्धा एका इंजिनात. हे वाक्य मानपत्रात बसेना. 'धैर्याचे मूर्तिमंत प्रतीक' घातलं, ते छान बसलं.

कमला सोहोनी मात्र टाळा. बी.एस्सी.ला मुंबई विद्यापीठात पहिली आलेली ही मुलगी १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेली, तर मुलगी म्हणून नकार मिळाला. शेवटी एक वर्ष पारखून बघण्याच्या अटीवर घेतलं. पुढे १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. गोष्ट प्रेरणादायी आहे, वाद नाही. पण नकार देणारे होते सी. व्ही. रामन, आणि भर सभेत नोबेलवाल्याचं नाव असं घ्यायचं म्हणजे वातावरण बिघडतं. संघर्षाची गोष्ट सांगताना अडवणाऱ्याचं नाव येता कामा नये. 'समाजाने विरोध केला' म्हणावं. समाज खुर्चीवरून उठून खुलासा मागत नाही.

शाल पुरुष मान्यवरांनी घालायची नसते, हे तुम्हाला माहीत असेलच. मान्यवरांच्या सौभाग्यवतींना स्टेजवर बोलवायचं. वहिनी शाल घालतात, मान्यवर मागे उभे राहून हात लावतात, फोटो मान्यवरांचा येतो. पुष्पगुच्छाऐवजी तुळशीचं रोप द्यावं, पर्यावरणही साधतं. त्याला पाणी कोण घालणार हा प्रश्नच नसतो, सत्कार बाईचाच आहे.

मुलाखत घ्यायची असेल तर पहिला प्रश्न: 'घर आणि काम, ही तारेवरची कसरत कशी जमवता?' दुसरा: 'घरच्यांचा पाठिंबा?' तिसरा प्रश्न लागत नाही. कारण दुसऱ्या उत्तरात नवरा येतो, त्याला आपण स्टेजवर बोलावतो, 'सिंहाचा वाटा' म्हणतो, नारळ देतो आणि पुढे दहा मिनिटं तोच बोलतो. बाईंच्या गाडीला किती टनाचं एक्सल आहे, घाटात ब्रेक तापले तर त्या काय करतात, हे विचारून श्रोत्यांना कंटाळा आणू नये. मागच्या महिन्यात आम्ही हाडांच्या एका डॉक्टरांचा सत्कार केला. त्यांना मी गुडघ्याबद्दलच विचारलं. त्यांचा डबा कोण भरतं हे विचारायचं त्या दिवशी सुचलंच नाही.

आता गेल्या वर्षीचा किस्सा सांगतो, म्हणजे अडचणीच्या वेळी कसं निभवायचं ते कळेल.

सत्कारमूर्ती होत्या जवळच्या एका डेपोच्या एसटी चालक. डेपोचं नाव कशाला हवंय. ड्यूटी उतरून तशाच खाकीत आल्या होत्या. आम्ही गुलाबी फेटा बांधायला घेतला तर म्हणाल्या, 'दादा, घट्ट नको, पहाटेपासून डोकं दुखतंय.' कार्यक्रम सहाचा, मान्यवर आले पावणेआठला. मधल्या वेळात स्टेजवर पाण्याचा ग्लास आला, बाईंनी हाताने बाजूला सारला. चहा आला, तोही सारला. मी चलाख माणूस, लगेच माइकवर म्हणालो, 'बघा हा साधेपणा! पाण्याच्या घोटाचीही अपेक्षा नाही, अशी ही रणरागिणी!' सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर बाई माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, 'दादा, लेडीज कुठंय?'

लेडीज होतं. वाद नाही. सभागृहाच्या मागे, डाव्या अंगाला, दारावर साडीतल्या बाईचं चित्रही आहे. पण त्याला कुलूप होतं, किल्ली शिपायाकडे आणि शिपाई मान्यवरांच्या गाडीला वाट दाखवायला नाक्यावर गेलेला. किल्ली मिळाली, दार अर्धवट उघडलं. आत गणपतीची मखर, पंचवीस-तीस मोडक्या खुर्च्या आणि त्याआधीच्या वर्षीचा महिला दिनाचा फ्लेक्स गुंडाळून नळावर आडवा. शेवटी आमच्या उपाध्यक्षांनी मोठ्या मनाने जेंट्स रिकामं करवलं आणि स्वतः दाराशी पाठ करून पहारा दिला. सत्काराची तयारी अशी असावी. त्यांचा फोटो घ्यायचा मात्र राहिला.

परत आल्यावर बाईंनी ग्लासभर पाणी प्यायलं, मग दुसरा ग्लास. मी सहज म्हणालो, 'मघाशी नको म्हणालात?' तर म्हणाल्या, 'ड्यूटी असली की सकाळी आठनंतर पाणी बंद असतं माझं. मधे कुठं जायचं? तुमचं सभागृह कसं निघेल, माहीत नव्हतं.'

आमच्या आभारप्रदर्शनात हे आलं नाही.

दोन मिनिटं बोलायला दिली तर बाई विषयावरून घसरल्या. भाषण नाहीच केलं. म्हणाल्या, आमच्या डेपोत बायकांच्या विश्रांतीच्या खोलीला आतून कडी नाही. आम्ही कंडक्टर बायका नि मी, एक झोपली की दुसरी दाराशी बसते. मुक्कामी गाडीला तर तेही नाही. सत्कारात कडी द्या. हसून म्हणाल्या, त्यामुळे लोकही हसले. पाकिटात अर्ज घालून आणला होता, तो मान्यवरांना दिला. मान्यवरांनी तो सर्वांसमोर कपाळाला लावला, हातातल्या पुष्पगुच्छात खोचला आणि पुष्पगुच्छ जाताना खुर्चीवर राहिला. मी दुसऱ्या दिवशी पाहिला. गुलाब अजून बरे होते.

कडीची किंमत मी हार्डवेअरच्या दुकानात सहज विचारली. शालीपेक्षा स्वस्त आहे. पण कडीवर मंडळाचं नाव घालता येत नाही, आणि ती लावायची आतून.

यंदा त्याच डेपोत आणखी एक चालक बाई रुजू झाल्याचं कळलं. त्यांनी स्वतःच फोन केला होता, कार्यक्रम आहे का विचारायला. मी गोड बोलून टाळलं. दुसऱ्या आहेत, काय करणार. शिवाय त्यांना बोलायचंच होतं, असं आवाजावरून वाटलं.

त्याऐवजी या वर्षी मोठे पंख छापलेला सेल्फी पॉइंट करतोय. मधे बाईने उभं राहायचं, दोन्ही बाजूंना पंख, वर 'घे भरारी'. आठ फुटी आहे, कुठे टेकवायचा ते कळत नव्हतं. मग डाव्या अंगाचं ते दार आठवलं. ते असंही उघडत नाही.