खुलासा: ‘पहिली वाटी फेकली की घरची दारू सुरक्षित’ हे खरं नाही

घरी दारू गाळण्याचा छंद सुरू करणाऱ्यांसाठी एक संदेश फिरतोय: स्वतःपुरती गाळायला परवाना लागत नाही, पहिली वाटी फेकली की मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल जातं, आणि चमच्यातले थेंब निळ्या ज्योतीने जळले की माल शुद्ध. तिन्ही दावे चुकीचे आहेत.

ज्योतीचंच बघा. चमच्यात दोन थेंब घेऊन काडी लावली की इथेनॉल, म्हणजे पिण्याच्या दारूतलं अल्कोहोल, निळसर जळतं आणि मिथेनॉलही. उलट मिथेनॉलची ज्योत इतकी फिकी असते की उजेडात धड दिसतही नाही. मग निळा रंग बघून काय कळणार?

मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, इथेनॉल ७८ च्या आसपास. त्यावरूनच पहिल्या वाटीची समजूत आली असावी. पण पाण्यातल्या मिश्रणात ती अशी ओळीने बाहेर पडत नाहीत, मिथेनॉल शेवटच्या धारेपर्यंत येत राहतं. धान्य किंवा गुळाच्या आंबवणीत ते नगण्य असतं, फळांतल्या पेक्टिन या चिकट घटकामुळे वाढतं. २०१५ साली मुंबईतल्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं गेली, ती दारूत मिसळलेल्या मिथेनॉलमुळे. तसली भेसळ वाटी फेकून निघत नाही.

कायद्याचं म्हणाल तर १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. विनापरवाना दारू बनवणं गुन्हा आहे, स्वतःसाठी असली तरी. गोव्यात काजूची भाटी लावणाऱ्यालाही अबकारी खात्याचा परवाना लागतो.

कुणी अशी दारू प्यायला आणि डोळ्यांपुढे धुकं आलं, तर सकाळची वाट बघू नका. लगेच रुग्णालयात न्या.