‘शिकवलेले सर्जन पळून जातात’ म्हणे!

गेल्या आठवड्यात इंदूरच्या रामबागेतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक लांबलचक संदेश आला. तोच मग लोकमान्य नगरच्या ग्रुपवर आला, भाचीकडून आला आणि एका जुन्या सहकाऱ्यानेही पाठवला. मथळा असा: ‘गरीब देशांत सर्जन घडवणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी’. आत पाच मुद्दे. शिकले की पळतात. परदेशी डॉक्टरांचं दहा दिवसांचं शिबिर त्यापेक्षा जास्त काम करतं. अर्धवट शिकलेल्यांच्या हाती सुरी देणं पाप आहे. यंत्रं नाहीत तिथे सर्जन काय करणार? आणि शेवटी, इंदूरसारखी शहरं आहेत ना, पेशंटच इकडे आणा.

इंदूरच्या थिएटरांमध्ये भूल देण्यात माझी सगळी नोकरी गेली. म्हणून हे नुसतं वाचून पुढे ढकलणं मला जमलं नाही.

‘शिकले की पळतात.’ डॉक्टर देश सोडतात हे खरंच आहे. इथल्या कुठल्याही बॅचचा फोटो काढा, निम्मी मंडळी कुठे आहेत ते घरचेच सांगतील. पण शिकवलं कुठे, हा प्रश्न संदेशात कुठेच नाही. पूर्व, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेतल्या देशांनी १९९९ साली मिळून सर्जनांचं एक कॉलेज काढलं, कोसेक्सा. त्याचं कार्यालय टांझानियातल्या अरुशा इथे आहे. मोठा कॅम्पस वगैरे नाही. मान्यता मिळालेल्या रुग्णालयांतच, आपल्याच प्रदेशात, विद्यार्थी काम करत शिकतो आणि शेवटी सगळ्यांची परीक्षा एकच. त्या भागात १९७४ ते २०१३ या काळात तयार झालेल्या सर्जनांचा माग काढणारा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ८५ टक्के जण ज्या देशात शिकले त्याच देशात होते आणि सुमारे ९३ टक्के आफ्रिकेतच.

मोझांबिकचं उदाहरण याहून बोलकं आहे. यादवी चालू होती, डॉक्टर उरले नव्हते. तेव्हा १९८४ पासून तिथल्या सरकारने डॉक्टर नसलेल्या अनुभवी आरोग्य कर्मचाऱ्यांना शस्त्रक्रिया शिकवायला घेतली. हे ‘तेक्निकू’ जिल्हा रुग्णालयांत पाठवले. सात वर्षांनी पाहिलं तर त्यांतले ८८ टक्के तिथेच काम करत होते. त्याच रुग्णालयांत नेमलेल्या डॉक्टरांपैकी एकही उरला नव्हता. एक कारण उघड आहे: त्यांचं प्रमाणपत्र परदेशात चालत नाही. मला यात थोडी टोचणीही वाटते. माणूस जाऊ शकत नाही म्हणून राहतो, तर त्याला पगार, बढती आणि मान देण्याची जबाबदारी दुप्पट होते, आणि सरकारं नेमकी तिथेच कानाडोळा करतात. पण ‘पळतात’ हा आरोप या माणसांवर बसत नाही.

आता शिबिरं. यावर जरा थांबते, कारण शिबिराबद्दल आपल्याकडे फार जिव्हाळा आहे. मोतीबिंदू, दुभंगलेला ओठ यांसाठी शिबिरं चांगलीच. ही ऑपरेशनं वाट पाहू शकतात. अडलेली बाई वाट पाहत नाही. फुटलेलं अपेंडिक्स, आतड्याला पडलेलं भोक, हाड बाहेर आलेला पाय हे शिबिराची तारीख विचारून येत नाहीत. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगाने २०१५ मध्ये एखाद्या रुग्णालयाची पात्रता जोखायला तीनच ऑपरेशनं निवडली: सीझर, पोट उघडणं आणि उघड्या फ्रॅक्चरवर उपचार. ही सोय दोन तासांच्या अंतरावर हवी, असं त्यांनी म्हटलं. जगातल्या ५ अब्ज माणसांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही, दरवर्षी आणखी १४ कोटी ३० लाख ऑपरेशनं व्हायला हवीत, हा हिशेबही त्याच आयोगाचा. दहा दिवसांच्या किती शिबिरांत हे बसवणार?

दोन तासांचा अर्थ इंदूरकराला नकाशा न पाहता कळावा. अलीराजपूर इथून दोनशे किलोमीटरच्या आसपास. झाबुआ, बडवानी, खरगोन, सगळीकडून ‘रेफर’ची चिठ्ठी घेऊन गाड्या इंदूरच्या एम.वाय. या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या दारात येतात. बाळंतपणानंतरच्या मोठ्या रक्तस्रावात दोन तासांत जीव जाऊ शकतो. अशी बाई टेबलावर येते तेव्हा तिला भूल द्यायची म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. रक्तदाब सापडत नाही, शीर सापडत नाही, आणि बाहेर नवरा विचारतो की तिथेच का नाही केलं. या प्रश्नाला शिबिरवाल्यांकडे उत्तर नाही. जिथून ती निघाली तिथे रात्री सीझर करणारा आणि भूल देणारा माणूस असणं, एवढंच उत्तर आहे.

शिवाय ऑपरेशन टाके घातल्यावर संपत नाही. पाचव्या दिवशी जखमेत पू होतो, ताप चढतो, तोवर पाहुणे विमानात बसलेले असतात. दुभंगलेल्या ओठांसाठी काम करणाऱ्या स्माइल ट्रेनने १९९९ पासून स्थानिक सर्जनांनाच बळ द्यायचा रस्ता धरला, तो उगाच नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत जास्त टाळ्या घेणारा, कारण ‘अर्धवट शिकलेला’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झोलाछाप डॉक्टर येतो. संदेश लिहिणाऱ्याने दोघांना एकाच पोत्यात घातलंय. झोलाछापाला कोणी शिकवलेलं नसतं, कोणी तपासत नसतं. सिएरा लिओनमध्ये २०११ पासून आरोग्य कर्मचाऱ्यांना तीन वर्षं ठरावीक ऑपरेशनं शिकवली जातात, तीही अनुभवी सर्जनच्या नजरेखाली. तिथेच हर्नियावर जाळी बसवण्याच्या ऑपरेशनात डॉक्टर आणि हे कर्मचारी यांची रीतसर तुलना झाली आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरात हर्निया पुन्हा आल्याचं प्रमाण डॉक्टरांच्या रुग्णांत ६.९ टक्के आणि या कर्मचाऱ्यांच्या रुग्णांत ०.९ टक्के. म्हणून डॉक्टर नकोत असं नाही. एकच काम रोज करणाऱ्याचा हात बसतो, इतकंच. आणि आपण तरी काय वेगळं केलं? भूलतज्ज्ञ मिळेनात म्हणून भारत सरकारनेच एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांत जीवरक्षक भूल देण्याचं प्रशिक्षण सुरू केलं. माझ्या भूलतज्ज्ञ जातभाईंनी तेव्हा नाकं मुरडली होती. पण एकट्या भुलेअभावी सीझर अडून राहण्यापेक्षा ते बरंच बरं. धोका तिथे आहे जिथे शिकवून पाठवतात आणि नंतर ढुंकून पाहत नाहीत. त्यावर कोणी संदेश फिरवला तर मीही पुढे पाठवीन.

‘यंत्रं नाहीत.’ यंत्रं हवीतच, पण कोणती? धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियासाठी महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेलं मच्छरदाणीचं कापड वापरलं आणि सहकाऱ्यांसह २००३ मध्ये त्यावर निबंध छापला. तेव्हा हसणारे कमी नव्हते. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर तशाच स्वस्त जाळीची आणि कंपनीच्या जाळीची तुलना झाली. निष्कर्ष २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले: वर्षभरानंतर हर्निया परत येण्यात किंवा गुंतागुंतीत दखल घेण्याजोगा फरक नाही. एकीची किंमत सुमारे एक डॉलर, दुसरीची सव्वाशेच्या घरात. ही कल्पना आपल्यापासून काही तासांवर असलेल्या गावातली आहे, हे त्या ग्रुपवरच्या किती जणांना ठाऊक आहे कोण जाणे.

जाता जाता, भूलवाल्यांच्या वतीने: रक्तातला प्राणवायू दाखवणारा एक पल्स ऑक्सिमीटर आणि एक कागद हवा. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर मोठ्याने वाचायची जागतिक आरोग्य संघटनेची यादी आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरून पाहिली, त्यांत दिल्लीही होती. २००९ मध्ये छापलेल्या निकालात मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यावर आलं होतं.

राहिला शेवटचा मुद्दा, पेशंट इंदूरला आणण्याचा. ज्याला व्हिसा, तिकीट आणि पंधरा दिवसांचं हॉटेल परवडतं त्याने खुशाल यावं, शहराचा धंदा वाढेल. अडलेल्या बाईला त्याचा उपयोग शून्य. बोलवायचंच असेल तर डॉक्टरांना आणि परिचारिकांना बोलवा. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात आणि काठमांडूच्या तिलगंगात इतर देशांतले नेत्रतज्ज्ञ येऊन शिकतात आणि परत जाऊन काम करतात. आपल्याकडच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत जेवढ्या आणि जशा केसेस येतात, तशा लंडनच्या विद्यार्थ्याला वर्षानुवर्षं दिसत नाहीत. फक्त शिकवताना अट एक असावी: त्यांच्या गावी जी उपकरणं आहेत त्यांवरच शिकवा, आणि भूल देणाऱ्याला सोबत आणायला सांगा.