जॉनी डग्लसला नुसतं टोपणनावाने ओळखू नका

इंग्लंडचा जुना क्रिकेटपटू जॉनी डग्लस, त्याचा विषय निघाला की सांगणारा आधी त्याचं टोपणनाव सांगतो. नावाची आद्याक्षरं जे. डब्ल्यू. एच. टी. ऑस्ट्रेलियातल्या प्रेक्षकांनी त्याचं केलं 'जॉनी वोन्ट हिट टुडे', म्हणजे जॉनी आज काही मारत नाही. फलंदाजी संथ होती, कबूल. पण एका थट्टेवर अख्खा माणूस निकालात काढायचा, हे मला अजिबात पटत नाही.

१९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंगचं मिडलवेटचं सुवर्णपदक याच जॉनीचं. त्या गटाच्या सगळ्या लढती एकाच दिवशी उरकल्या. अंतिम लढतीत समोर ऑस्ट्रेलियाचा स्नोई बेकर. निकाल गुणांवर लागला, तोही थोडक्यात. पुढे बेकर म्हणायचा, पंच जॉनीचे वडीलच होते. वडील हौशी बॉक्सिंग संघटनेचे अध्यक्ष होते आणि पदकंही त्यांनीच दिली, पण लढतीचे पंच ते नव्हते. तरी ती वावडी आजही ऐकायला मिळते, याचं मला वाईट वाटतं.

क्रिकेटमध्ये त्याने एक घोडचूक केली, ती झाकायची नाही. डिसेंबर १९११, सिडनी कसोटी. पेल्हॅम वॉर्नर आजारी पडल्याने कर्णधारपद जॉनीकडे आलं होतं. सिडनी बार्न्ससारखा गोलंदाज हाताशी असताना नवा चेंडू त्याने स्वतः घेतला. बार्न्स संतापला, इंग्लंड हरलं. पुढच्या कसोटीत मेलबर्नला मात्र चेंडू मुकाट्याने बार्न्सकडे दिला. ४४ धावांत ५ बळी! मालिका इंग्लंडने ४-१ जिंकली. परक्या मुलखात, पहिलाच सामना गमावल्यावर आपली चूक सुधारणारे कर्णधार किती असतात?

१९२०-२१ मध्ये ऑस्ट्रेलियातच त्याच्या संघाने ०-५ असा सपाटून मार खाल्ला. पुढच्या उन्हाळ्यात कर्णधारपद गेलं, तरी तो लायोनेल टेनिसनच्या हाताखाली खेळला.

१९ डिसेंबर १९३०. लाकडाच्या व्यापाराचं काम आटोपून बापलेक फिनलंडहून परतत होते. डेन्मार्कजवळच्या समुद्रात, धुक्यात, त्यांच्या 'ओबेरॉन' बोटीला 'आर्क्टुरस' धडकली. दोन्ही बोटींचे कप्तान सख्खे भाऊ. 'ओबेरॉन' बघता बघता बुडाली. जॉनी ४८ वर्षांचा होता, अंगापिंडाने मजबूत. वाचलेल्यांनी सांगितलं की त्याला निसटता आलं असतं, पण तो वडिलांना काढायला मागे फिरला. बापलेक दोघंही गेले.