आमच्या घरशाळेचं उदाहरण कुणाला देऊ नका

मोठी पोस्ट आहे. वेळ असेल तर वाचा, नसेल तर संध्याकाळी वाचा. पण अर्धी वाचून कमेंट करू नका.

आमचा मुलगा तेरा वर्षांचा आहे आणि चौथीनंतर शाळेत गेलेला नाही. त्याला अ‍ॅस्पर्जर आहे. 2013 पासून मानसोपचाराच्या अमेरिकी नियमावलीत हा वेगळा प्रकार राहिलेला नाही, सगळं ऑटिझम स्पेक्ट्रममध्येच धरतात, त्यामुळे आमच्या कागदांवर ऑटिझम असंच लिहिलंय. घरात मात्र पहिल्या डॉक्टरांनी सांगितलेला शब्दच रुळला. त्याला मी घरी शिकवतो. मी, म्हणजे बाप. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मी कर सल्लागार, काम घरून. एकाचा पगार महिन्याला नक्की येणारा आणि दुसऱ्याचं काम रात्री करता येण्यासारखं, म्हणून आम्हाला हे जमलं. "शिक्षिकेचंच पोरगं घरात?" हे वाक्य आम्ही दोघांनी लग्नांत, बारशांत, एकदा तर तिसऱ्याच्या दिवशीसुद्धा ऐकलंय. आता उत्तर देत नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. काही शाळा आता आमचं नाव पुढे करायला लागल्यात. ओळखीतून नंबर मिळवून एका ताईंनी फोन केला. मुलगा दुसरीत, निदान नुकतंच झालेलं. त्यांच्या मुख्याध्यापिका त्यांना म्हणाल्या, "अहो, घरीच शिकवा की. गावात एक जण शिकवतात, त्यांच्या मुलाचं किती छान चाललंय." ते एक जण म्हणजे मी. ताई विचारत होत्या, सुरुवात कशी करू. त्या स्वतः दुकानात कामाला, मिस्टर एमआयडीसीत शिफ्टवर. मी सरळ सांगितलं, सुरुवात करूच नका, आधी शाळेशी भांडा.

मला घरशाळेविरुद्ध काही बोलायचं नाही. आमचं खरंच बरं चाललंय. पण घरी शिकवायचं की नाही हे मुलाच्या आईबापांनी ठरवायचं, शाळेनं सुचवायचं नाही. शाळा जेव्हा सुचवते तेव्हा ती सूचना नसते, दार दाखवणं असतं.

मुलाविषयी थोडं सांगतो. त्याला विचारून लिहितोय. त्याची एकच अट होती, आकडे चुकवायचे नाहीत.

त्याचा विषय पाणी. धरणं, बंधारे, विसर्ग. कोल्हापूरकरांना पावसाळ्यात तसंही पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी तोंडपाठ असते, 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. याला ती बारा महिने हवी असते. सकाळी उठल्यावर दात घासायच्या आधी राधानगरी, कोयना, अलमट्टी. पाचवीचा गुणाकार त्याला वहीत जमत नव्हता. म्हणजे जमत होता, पण तो करत नव्हता, कारण पुस्तकातल्या रमेशनं 24 डझन आंबे का घेतले याचं कारण पुस्तकात दिलेलं नसतं. मग एका पावसाळ्यात राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडायला लागले. एकूण सात दरवाजे, एका दरवाजातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. चार उघडले तर? 5712. हे त्यानं तोंडी सांगितलं. मग म्हणाला, हे सेकंदाला आहे, दिवसाला किती? आम्ही स्वयंपाकघरातल्या फरशीवर खडूनं मांडलं. दिवसाचे 86,400 सेकंद. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. म्हणजे 11,574 क्युसेक दिवसभर वाहिलं की एक टीएमसी झालं. चार दरवाजे दिवसभर उघडे राहिले तर साधारण अर्धा टीएमसी, आणि आख्खं धरण 8.36 टीएमसीचं. त्या एका फरशीवर गुणाकार, भागाकार, दशांश, एककांचं रूपांतर सगळं झालं. त्याची आजी दिवसभर त्या फरशीला वळसा घालून गॅसपाशी जात होती, पण पुसू दिली नाही तिनं.

तिथून भूगोल. तिकडे कर्नाटकात अलमट्टीचं पाणी अडवलं की सांगली-कोल्हापुरात फुगवटा येतो की नाही, यावर आपल्याकडे दर पावसाळ्यात जी भांडणं होतात ती त्याला नागरिकशास्त्र म्हणून पुरली. दोन राज्यं, एक नदी, लवाद. तिथून इतिहास, राधानगरी कुणी बांधायला घेतलं, का घेतलं. शाहू महाराजांपाशी आलो आणि मग माझीच पंचाईत झाली. कारण याच शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. चिरंजीवांनी शांतपणे विचारलं, "मग तू किती रुपये देणं लागतोस?" आणि हिशेब करून दाखवला.

मला तो दंड फार पटतो. गंमत नाही करत. महाराजांना माहीत होतं की पोर घरात राहिलं तर सगळ्यात आधी कुणाचं पोर राहणार. आज शंभर वर्षांनंतर तेच उलट्या बाजूनं होतंय. आईबाप पाठवायला तयार आहेत आणि शाळा म्हणते, घरीच ठेवा. हा दंड कुणी भरायचा?

आमचं शाळेत काय झालं ते थोडक्यात सांगतो, नाव घेणार नाही. मारहाण झाली नाही, कुणी वाईटही नव्हतं. घंटा विजेची होती आणि याच्या वर्गाच्या दारावरच बसवलेली. दर तासाला ती वाजली की हा कान दाबून बाकाखाली जायचा. मुलं हसायची. मग मुलांना कळलं की डबा जमिनीवर आपटला तरी हा बाकाखाली जातो, तेव्हा दिवसभर डबे आपटायला लागले. एका बाईंनी त्याला मधल्या सुट्टीत ग्रंथालयात बसायची परवानगी दिली होती. ते वर्ष बरं गेलं. बाईंची बदली दुसऱ्या शाखेत झाली आणि परवानगीही गेली, कारण ती कुठे लिहून ठेवलेलीच नव्हती. पुढे 'शॅडो टीचर ठेवा, पगार तुम्ही द्या' असं सुरू झालं, म्हणजे वर्गात फक्त याच्याजवळ बसणारी वेगळी शिक्षिका. शेवटी तेच वाक्य, अगदी मायेनं: "त्याच्यासाठीच म्हणतोय हो आम्ही."

"पण मग त्याला मित्र कसे होणार?" हा प्रश्न मला शिक्षक विचारतात, रिक्षावाले विचारतात, कटिंग करणारा विचारतो. अरे बाबांनो, शाळेत त्याला किती मित्र होते हे तुम्ही कधी विचारलंत का? चाळीस पोरांत बसला म्हणजे चाळीस मित्र झाले, असं थोडंच असतं? आता त्याची ओळख कुणाशी आहे सांगतो. पंचगंगा घाटावर रोज येणारे एक निवृत्त आजोबा, ज्यांना जुने महापूर तारखेसकट आठवतात. बुद्धिबळाच्या क्लासमधला एक मुलगा, जो याच्यासारखाच फार बोलत नाही. आणि जुलैमध्ये आमची आख्खी गल्ली. पाणी 35 च्या पुढे गेलं की खालून हाका सुरू होतात, "काय भावा, किती झालं?" हा गॅलरीत येऊन फूट-इंच सांगतो, मागच्या तासाला किती चढलं ते सांगतो, आणि कुणी "काय होत नाही रे" म्हणालं तर त्याला थांबवून पुन्हा सगळं समजावतो. 2021 च्या पुरात नुकसान झालेली माणसं त्याच्या सांगण्यावर गाडी वरच्या अंगाला नेऊन लावतात. नजरेला नजर न देता बोलतो हे खरं. पाणी किती ते कळलं की गल्लीला त्याचं काही वाटत नाही.

आता यातली न आवडणारी बाजूही लिहितो, नाहीतर कुणीतरी म्हणेल छान चित्र रंगवलंय. निबंध हा आमच्या घरातला रोजचा तमाशा आहे. 'पावसाळ्यातील एक दिवस' या विषयावर त्यानं तारीख, पाऊस मिलिमीटरमध्ये आणि कोणत्या बंधाऱ्यावर वाहतूक बंद होती ते लिहिलं. मी म्हटलं, अरे तुला काय वाटलं ते लिही. त्यानं खाली एक ओळ वाढवली: "मला वाटलं पाऊस जास्त आहे." आता याला नापास कसं करायचं?

आणि बापाची चाकरी. जुलैत आयकर रिटर्नची 31 तारीख आणि पंचगंगेचं पाणी एकाच वेळी चढतं. क्लायंट फोनवर, पोरगं खडू घेऊन दारात. महिनाभर मी रात्री अकरानंतरच काम करतो. बायको दिवसभर दुसऱ्यांची मुलं सांभाळून येते आणि घरी आल्यावर मला तासभर कुठेतरी घालवते, कारण माझा चेहरा तिला कळतो. घरी शिकवायला पैसे कमी लागतात, बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, असं जे सांगतात त्यांनी घरातल्या एका माणसाची अर्धी कमाई हिशेबात धरलेली नसते. फोनवरच्या ताईंनी दुकानातलं काम सोडलं तर घरभाडं कोण देणार होतं, मुख्याध्यापिका?

परीक्षेचं अनेक जण विचारतात म्हणून सांगतो. आपल्या बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येतं, पण सगळे पेपर एका दमात द्यावे लागतात. आम्ही एनआयओएस धरलंय, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. 14 वर्षं पूर्ण झाली की दहावीला प्रवेश, पाच विषय, आणि एकदा नाव घातलं की पाच वर्षांत नऊ संधी. एका वेळी एकच विषय दिला तरी चालतो. याच्यासारख्या मुलाला हे फार मोठं आहे, कारण परीक्षा त्याला अवघड जात नाही, परीक्षेचं केंद्र जातं. अनोळखी हॉल, पंख्याचा आवाज, पर्यवेक्षकाचे बूट. लेखनिक आणि जादा वेळेसाठी दिव्यांग प्रमाणपत्र लागतं. तिथेही आमच्या मुलांची एक अडचण आहे. ऑटिझमसाठी आयएसएए नावाची मोजपट्टी लावतात, चाळीस मुद्द्यांची. त्यात 70 गुण झाले की 40 टक्के अपंगत्व धरतात. घडाघडा बोलणारं पोर समोर बसलं की तपासणाऱ्यालाच वाटतं, याला कसलं आलंय अपंगत्व. रोजच्या वागण्याच्या नोंदी आधीपासून लिहून ठेवा आणि सोबत न्या. आम्हाला त्याच कामी आल्या.

आणि कायदा. शाळेत बोलायला जाल तेव्हा हे तोंडपाठ असू द्या. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 16: आठवीपर्यंत शाळेला मूल काढून टाकता येत नाही. दिव्यांग हक्क कायदा 2016, त्याचंही कलम 16 च: सरकारी असो वा मान्यताप्राप्त खासगी, शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करायची. 'घरातून शिक्षण' हा पर्याय 2012 च्या दुरुस्तीनं शिक्षण हक्क कायद्यात आला, पण तो तीव्र किंवा बहुविकलांग मुलांसाठी, आणि त्यांचा हक्क म्हणून. शाळेची सवलत म्हणून नव्हे. तेव्हा मुख्याध्यापक "घरीच शिकवा" म्हणाले की हसून म्हणायचं, "बरं, एवढं लेखी द्या." लेखी कुणी देत नाही. दिलंच, तर तो कागद घेऊन शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे जाता येतं.

कमेंटमध्ये शिक्षक मंडळी येणार आणि लिहिणार की पटसंख्या बघा, कामाचा बोजा बघा, निवडणूक, जनगणना, ऑनलाइन माहिती, त्यात हे कुठं सांभाळायचं. मला ते सगळं माहीत आहे, मी त्याच घरात राहतो. पण त्याच घरात मला हेही दिसतं की बायकोच्या वर्गात आमच्यासारखाच एक मुलगा आहे. बाप ऊसतोडीला, आई शेतमजूर. त्यांना घरशाळा सुचवण्याची सोयच नाही. तर हिनं काय केलं? त्याला दाराजवळची जागा दिली. दिवसभरात काय काय होणार ते फळ्याच्या कोपऱ्यात रोज क्रमानं लिहिते आणि झालं की खोडते. त्याला आवाज सहन झाला नाही तर तो न विचारता उठून पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन येतो, वर्गातल्या पोरांना ते ठाऊक आहे आणि आता कुणी मान वळवून बघतही नाही. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक अधूनमधून येतात, त्यांनी दोन गोष्टी शिकवल्या, बाकी हिनं आमच्या पोराकडून शिकल्या. खर्च झाला एका खडूच्या पेटीचा.

तो मुलगा जूनमध्ये पाचवीत जाईल, म्हणजे दुसऱ्या शाळेत. ग्रंथालयातल्या त्या परवानगीचं काय झालं ते हिच्या लक्षात आहे, म्हणून ही सगळी व्यवस्था तिनं दोन पानांवर लिहून काढलीय. सही-शिक्का घेऊन एक प्रत त्याच्या दाखल्याला जोडायची आणि एक त्याच्या आईच्या हातात द्यायची, असं ठरवलंय.