पाणी धुणारा माणूस

"काय रे मेल्या, मासे पाण्यातच राहतात ना? मग पाणी धुतोस कशाला?"

आजीच्या या प्रश्नाला तीन वर्षं झाली. मी अजून उत्तराच्या शोधात आहे आणि बहुतेक वेळा गुडघ्यावर बसून आहे.

रत्नागिरीत आमच्या घरापासून समुद्र चालत सात मिनिटांवर. तरी पडवीत 4 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट उंच काचेची टाकी आणून तिच्यात मी ऑस्कर नावाचे मासे सोडले. मूळचे ॲमेझॉनकडचे. जांभ्यातल्या विहिरीचं मऊ, किंचित आंबट पाणी त्यांना माहेरासारखं मानवलं. दारावर येणाऱ्या मासळीवालीने टोपली उतरवून त्यांचे डोळे, कल्ले निरखले, "ताजे आहेत हो" म्हणाली आणि भाव विचारला.

ऑस्कर खातो भरपूर आणि सोडतोही तेवढंच. त्यातून पाण्यात अमोनिया होतो, माशांना तो विषच. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात आणि सिरॅमिकच्या नळकांड्यांवर राहतात. त्यांचा संसार मांडून व्हायला महिना-दीड महिना लागतो. खरं तर मी पाळतो ते जिवाणू. मासे आपले वर शोभेला.

हे बायकोला सांगायचं राहिलं. दिवाळीच्या साफसफाईत तिने तो स्पंज साबण लावून घासला, पिळला आणि दोरीवर वाळत घातला. इतका पिवळाधमक स्पंज मी दुकानातही पाहिला नव्हता. टाकीतल्या पाण्यात नुसता खळबळून काढायचा असतो तो. अख्खी वस्ती एका सकाळीत ओसाड! पण धुतलेल्या वस्तूबद्दल बायकोकडे तक्रार करणार कशी? पुढचे पंधरा दिवस मी मुकाट्याने बादल्या वाहिल्या.

मग जरा मोठी व्यवस्था केली. टाकीखाली दुसरी टाकी, म्हणजे संप. वरचं पाणी ओसंडून खाली येणार, स्पंज-नळकांड्यांतून गाळून निघणार आणि पंप ते परत वर चढवणार. तासाला टाकीच्या चौपट-पाचपट पाणी फिरलं पाहिजे, म्हणून दोन हजार लिटरचा पंप घेतला. चार दिवस पाणी असं नितळ, की टाकी रिकामी वाटावी.

पाचव्या रात्री आषाढातला पाऊस आला आणि लाईट गेली.

आता पंप थांबला म्हणजे सगळंच थांबेल, असं कुणालाही वाटेल. पण वर चढवणाऱ्या पाइपचं तोंड टाकीत सहा इंच बुडालेलं होतं. पंप बंद पडताच त्याच पाइपातून पाणी उलटं खाली यायला लागलं आणि तोंड उघडं पडेपर्यंत येतच राहिलं. चार बाय दोनच्या टाकीतलं सहा इंच पाणी म्हणजे 113 लिटर. संपात जागा चाळीसची. उरलेलं पडवीतून माजघरात, माजघरातून देवघरात. बाबा अंधारात उठले, पाय भिजला, "कौलं गळतायत" म्हणून ओरडले आणि छत्री उघडून बसले.

सकाळी प्लंबरने सगळं ऐकून घेतलं. बोलला काही नाही. पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली त्या पाइपला एक बारीक भोक पाडलं. पातळी भोकाखाली गेली की पाइपात हवा शिरते आणि उलटा ओघ तुटतो. पैसे पन्नास रुपये. पंपाला मी किती मोजले ते घरात अजून कुणाला ठाऊक नाही.

तरी पंप फार वेळ बंद राहून चालत नाही, प्राणवायूवाचून जिवाणू गुदमरतात. म्हणून इन्व्हर्टर आला. त्यावर बाबांचा पंखा चालवायचा की माझा पंप, यावर जून ते सप्टेंबर आमच्यात बोलणं होत नाही.

उरलेलं नायट्रेट कुठलाच जिवाणू इथे खात नाही, ते दर रविवारी पाण्याबरोबर बाहेर काढावं लागतं. ते मी परसातल्या माडाच्या आळ्यात ओततो. आईला मासे बघायला सवड नसते, पण एखादा रविवार चुकला तर माडाच्या वतीने तीच ओरडते.

लाईट गेली की त्या भोकातून 'सुर्रर्र' असा आवाज येतो. मध्यरात्री तो ऐकून आजी कूस बदलते.

"गेली रे लाईट," म्हणते, "मासे चहा पितायत."