विशाखापट्टणमचे लोक घाबरट नव्हते

विशाखापट्टणमला गेलेला माणूस बीचवरच्या १९७१ च्या विजय स्मारकाजवळ उभा राहतो, समोरच्या कुरसुरा पाणबुडीत शिरून फोटो काढतो (ती १९७१ मध्ये इथे बुडालेली पाकिस्तानी पाणबुडी 'गाझी' नव्हे, गाझी समुद्रतळाशी आहे). पण त्याच्या तीसेक वर्षं आधी, दुसऱ्या महायुद्धात, या गावावर बॉम्ब पडले होते, हे सहसा कुणी बोलत नाही. निघालाच विषय, तर एका वाक्यात संपतो: जपान्यांनी चार बॉम्ब टाकले आणि अख्खं गाव पळालं. त्यातलं हे 'पळालं' माझ्या डोक्यात जातं.

६ एप्रिल १९४२, सोमवार. आदल्याच दिवशी कोलंबोवर हल्ला झालेला. तिथे निदान ब्रिटिशांची हरिकेन लढाऊ विमानं वर गेली, झुंजली तरी. इथे 'रिऊजो' या जपानी विमानवाहू जहाजावरची विमानं विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर आली, तेव्हा अडवायला आकाशात कुणी नव्हतं. मृतांचा आकडा दहाच्या आतला. लष्करी हिशेबात किरकोळ प्रकरण. पण त्याच सुमारास जपानी ॲडमिरल ओझावाचा ताफा बंगालच्या उपसागरात मालवाहू जहाजं टिपत सुटला होता. काही दिवसांत वीसहून जास्त जहाजं तळाला गेली. किनाऱ्यावरच्या माणसानं कशाच्या भरवशावर थांबायचं होतं?

शिवाय या लोकांना बॉम्ब नवा नव्हता. याच किनाऱ्यावरची हजारो तेलुगू माणसं ब्रह्मदेशात, रंगूनच्या गोदीत आणि भातगिरण्यांत राबायची. २३ डिसेंबर १९४१ ला रंगूनवर पहिला हल्ला झाला, तेव्हा लोक रस्त्यात उभे राहून मान वर करून विमानं बघत होते. बघता बघता मेले. जे वाचले ते मिळेल त्या बोटीनं, नाहीतर आराकानच्या जंगलातून पायी आले. असा वाचून आलेला भाऊ, मेहुणा घरात बसलेला असताना 'घाबरू नका' असं सांगणाऱ्या सरकारी पत्रकावर कोण विश्वास ठेवणार! बैलगाडीत भांडीकुंडी टाकून खेड्याकडे जाणं, याला मी तरी शहाणपण म्हणेन.

आणि सरकारनं काय केलं? मद्रासवर बॉम्ब पडलाही नव्हता, तरी त्याच एप्रिलमध्ये सरकारी कचेऱ्या आतल्या गावांना हलल्या. प्राणिसंग्रहालयातले वाघ-सिंह मोकाट सुटतील म्हणून गोळ्या घालून मारले. साहेब गेला की 'स्थलांतर', हमाल गेला की 'पळापळ'.

आपल्याकडचा एक धागाही इथे आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या सिंदिया या जहाज कंपनीनं विशाखापट्टणमलाच जहाजबांधणीचा कारखाना काढला होता. जून १९४१ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि वर्षाच्या आत गावावर बॉम्ब. तरी मार्च १९४८ मध्ये नेहरूंच्या हस्ते 'जलउषा' तिथूनच पाण्यात उतरली. गाव कायमचं पळालं असतं, तर ती बांधली कुणी?