डॅरेन स्टीव्हन्सवरील आक्षेपाला उत्तर

महोदय,

इंग्लंडमधील केंट या काउंटी संघाचा अष्टपैलू खेळाडू डॅरेन स्टीव्हन्स याच्यावरील माझ्या लेखावर आपण लिहिता, ‘ज्याला इंग्लंडने एकदाही खेळवले नाही, त्याच्या एप्रिलच्या ओल्या खेळपट्ट्यांवरील बळींचे कौतुक क्रिकेट न कळणाऱ्यांनीच करावे.’ यातील शेवटच्या चार शब्दांची गरज नव्हती. लेखकाची लायकी काढल्याने मुद्दा बळकट होत नाही. मी पुण्यात बरीच वर्षे क्लब क्रिकेटमध्ये मध्यमगती गोलंदाजी केली आहे, आणि नोकरीनिमित्त केंटमध्ये राहत असताना कँटरबरीच्या सेंट लॉरेन्स मैदानावर स्टीव्हन्सला प्रत्यक्ष पाहिले आहे. चेंडूची शिवण सरळ ठेवून एकाच टप्प्यावरून चेंडू दोन्हीकडे हलवणे किती अवघड असते, हे मला कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही.

इंग्लंडच्या वसंतातील दमट हवा त्याला साथ देत असे, हे मान्य. पण तीच हवा त्याच सामन्यांतील तरुण, वेगवान गोलंदाजांनाही मिळत होती. लीस्टरशायर काउंटीकडून १९९७ मध्ये पदार्पण करणारा स्टीव्हन्स मुख्यतः फलंदाज होता. २००५ मध्ये केंटकडे आल्यावर, तिशीनंतर, त्याची गोलंदाजी बहरली आणि प्रथम श्रेणीत त्याने पाचशेहून अधिक बळी मिळवले. एवढे बळी केवळ ओलाव्याच्या पदरात घालणे हा निव्वळ अन्याय आहे.

शिवाय तो अष्टपैलू होता, हे आपण सोयीस्करपणे विसरता. सप्टेंबर २०१९ मध्ये, केंटने त्याला मुक्त करण्याचे ठरवले असताना, हेडिंग्ले मैदानावर यॉर्कशायरविरुद्ध ५ बाद ३९ अशा अवस्थेतून त्याने २३७ धावा केल्या, सहकारी सॅम बिलिंग्जसह ३४६ धावांची भागी रचली आणि नंतर २० धावांत ५ बळीही घेतले. वय ४३. त्यानंतर त्याला नवा करार मिळाला. मे २०२१ मध्ये ग्लॅमॉर्गनविरुद्ध त्याने १९० धावा काढल्या. नवव्या गड्यासाठीच्या १६६ धावांच्या त्या भागीत जोडीदार मिगेल कमिन्सची धाव एकच होती. यात ओल्या खेळपट्टीचा वाटा कोणता, हे आपणच सांगावे.

इंग्लंडच्या निवडीविषयी आपण लिहिलेल्या बाकीच्या ओळींवर वेळ घालवण्याची माझी इच्छा नाही. ‘त्याच्या असण्याने केंटला काय मिळाले?’ हा प्रश्न मात्र सामने न पाहताच विचारलेला दिसतो. २०२२ च्या काउंटी संघांच्या एकदिवसीय चषकाच्या उपांत्य सामन्यात हॅम्पशायरविरुद्ध ४६ वर्षांच्या स्टीव्हन्सने नाबाद ८४ धावा करून केंटला अंतिम फेरीत नेले, आणि ट्रेंट ब्रिज मैदानावर लँकेशायरला हरवून केंटने तो चषक जिंकला.